जुना प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर मल्टिप्लायरने, बेस क्लॉकने, एका क्लिकने, की आहे तसाच ठेवायचा?

डेस्कटॉप जुना झालाय, नवीन इतक्यात घ्यायचा नाही, आणि कोणीतरी सांगितलंय की ओव्हरक्लॉक कर, फुकटात स्पीड मिळतो. मिळतो, खोटं नाही. पण पद्धत कुठली यावर सगळं आहे. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणं, आणि हा स्पीड म्हणजे बोर्डावरून येणारा बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, दोन्हीपैकी काहीही वाढवलं की स्पीड वाढतो. उदाहरणाला इंटेलचा २०११ चा कोअर आय५-२५००के घेतो, मूळ स्पीड ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरज पडली की स्वतःच गाठतो तो स्पीड) ३.७, ९५ वॅट, या कामात अजूनही याचंच नाव निघतं.

आधी तुमच्या हातात काही आहे का ते बघा. त्या काळच्या इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के नसेल तर मल्टिप्लायर जवळपास लॉक, आणि के असूनही मदरबोर्डाचा चिपसेट एच६१ असेल तरी विषय संपला, पी६७, झेड६८, झेड७७ असलं काहीतरी लागतं. एएमडीचे एफएक्स सगळे अनलॉक यायचे, पण एफएक्स-८३५० मुळातच १२५ वॅट खातो, त्यामुळे तिथे प्रोसेसरपेक्षा बोर्डाचीच काळजी जास्त.

बेस क्लॉकवाली पद्धत लगेच निकालात काढतो. कोअर २ च्या जमान्यात तीच खरी पद्धत होती, क्यू६६०० चा एफएसबी (तेव्हाचा बेस क्लॉकच) २६६ मेगाहर्ट्झवरून ३३३ केला की ९ च्या मल्टिप्लायरने २.४ चे सरळ ३.० गिगाहर्ट्झ व्हायचे. २५००के मध्ये मात्र त्याच १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर पीसीआय एक्सप्रेस आणि साटा पण बांधलेले आहेत, चार-पाच मेगाहर्ट्झ वाढवले तरी कुरकुर सुरू, आणि कुरकुर करणारी वस्तू हार्डडिस्क असेल तर डेटा तुमचा जाणार.

एका क्लिकचं ऑटो ओव्हरक्लॉक दिसायला सगळ्यात सेफ, आणि माझ्या मते जुन्या मशीनसाठी सगळ्यात वाईट. बोर्डाला तुमची चिप कशी आहे ते माहीत नसतं, मग मशीन लटकू नये म्हणून तो व्होल्टेज सढळ हाताने देतो. आता हिशोब बघा, प्रोसेसरची पॉवर साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि स्पीडच्या पटीत वाढते. ३.७ चे ४.५ गिगाहर्ट्झ केले आणि १.२० चे १.३५ व्होल्ट, तर स्पीड वाढला २२ टक्के पण पॉवर वाढली ५४ टक्के! ती सगळी उष्णता कूलर, बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग) आणि इतकी वर्षं राबलेला पॉवर सप्लाय यांच्याच डोक्यावर.

म्हणून माझं मत मल्टिप्लायरला, तेही व्होल्टेज न वाढवता. बऱ्याच २५००के अशा ४.० ते ४.२ पर्यंत आरामात जातात, आणि चारही कोर कामाला लागले की मूळ टर्बो ३.७ पेक्षाही खाली येतो, त्यामुळे व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात फरक जाणवतो. गंमत अशी की व्होल्टेज "ऑटो" वर सोडलं तर मल्टिप्लायर वाढला की बोर्ड ते गुपचूप वाढवतो, म्हणजे तुम्ही वाढवलं नाही तरी वाढलंच. तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ऑफसेट, म्हणजे चिप मागते त्या व्होल्टेजपेक्षा किती कमी-जास्त द्यायचं, ते स्वतः ठरवा, फिक्स नको, ऑफसेट ठेवला की निवांत असताना चिप १.६ गिगाहर्ट्झवर येते तेव्हा व्होल्टेजही उतरतं. एकेक पायरी चढायची, प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) चालवायचं, तापमान ८० अंश सेल्सियसच्या आत आहे ना बघायचं. निळी स्क्रीन १२४ किंवा १०१ कोड घेऊन आली तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय, तिथे व्होल्टेज ढकलण्यापेक्षा एक पायरी खाली या.

आणि गेम चालतोय म्हणजे स्टेबल, असं धरू नका, मी धरलं होतं. गेम तासन्‌तास मस्त चालायचा आणि मोठी झिप फाईल उघडली की सीआरसी एरर (फाईलमधला डेटा जुळत नाही अशी तक्रार), मला वाटलं डाउनलोडच खराब झालंय, तीच फाईल तीनदा उतरवली, शेवटी मल्टिप्लायर एकने कमी केला आणि पहिल्या झटक्यात उघडली.

२५००के नंतर आलेल्या ३५७०के वाल्यांनी अपेक्षा थोडी कमीच ठेवावी. चिप आणि वरच्या झाकणामध्ये २५००के ला सोल्डर आहे, ३५७०के मध्ये साधी पेस्ट, त्यामुळे कागदावर ७७ वॅट असूनही ओव्हरक्लॉक केला की जास्त तापतो.

काही जणांनी मात्र आहे तसाच ठेवावा. सोबत आलेला छोटा कूलर असेल, पॉवर सप्लाय कुठला ते सांगता येत नसेल, किंवा मशीन स्लो वाटण्याचं कारण अजून हार्डडिस्कवर चालणारी विंडोज असेल, तर धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला, एसएसडी टाका, ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त फरक पडेल. एखादं सॉफ्टवेअर एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधल्या खास सूचनांचा संच) मागत असेल तर २५००के ५ गिगाहर्ट्झला नेला तरी ते चालणार नाही, त्याच्यात ते नाहीच.

करायचं ठरलंच तर सीमॉस क्लिअरचा जंपर (बायोसचं सेटिंग पुन्हा मूळ करणारी छोटी पिन) बोर्डावर कुठे आहे ते आधी बघून ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर बोर्डाचं पीडीएफ मॅन्युअल उघडणार कशावर?