कूलंट निळा की हिरवा? जुन्या पीबी रोडवरच्या पार्ट्सच्या दुकानाचा अनुभव

आमची गाडी वॅगनआर, रोजचं बेळगाव-खानापूर. मे महिन्यात गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढाला टेंपरेचरचा लाल दिवा लागला, कणकुंबी यायच्या आधीच बाजूला लावून पाऊण तास बसलो, पोरं चिप्स खात आणि बायको माझ्याकडं बघत.

झालतं काय, त्याआधी एका गॅरेजवाल्यानं "सगळा एकच असतोय" म्हणून आतल्या निळ्या कूलंटवर (म्हणजे इंजिन गार ठेवायचं लिक्विड) हिरवा ओतलेला, आणि कमी पडला तिथं बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतोय, मग रेडिएटरच्या त्या बारीक नळ्यांचं काय होत असेल बघा की.

मग मित्रानं ह्या दुकानाचं सांगितलं. मी गेल्या गेल्या "एक लिटर कूलंट द्या ओ" म्हटलो, तर मालक बाटलीला हातच लावेनात. गाडी कुठली, वर्ष कुठलं, आत आत्ता काय आहे, मॅन्युअल कुठाय? डॅशबोर्डच्या कप्प्यातनं काढून आणलो, त्यात सुझुकीचा निळा सुपर लाँग लाइफ लिहिलेला. मालकांचं म्हणणं, रंग म्हणजे नुसता डाय, कंपनीला वाटेल तो घालतात, एकाचा हिरवा जुना सिलिकेटवाला असतोय तर दुसऱ्याचा हिरवा ओएटी म्हणजे सेंद्रिय ॲसिडवाला, गंज थांबवायचं केमिकलच वेगळं. न जमणारे दोन एकत्र आले की आत चिखल. आमचं नंतर काढलं तेव्हा नासलेल्या दुधासारखं बाहेर आलं, खोटं नाही.

"आपल्यात कुठं बर्फ पडतोय, गोठायची भीती नाही, साधं पाणी चालतंय की" हे पण मी विचारलो. तर मालक म्हणाले, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य केमिकल) निम्मं पाणी केलं की उकळायला साधारण 107 डिग्री लागतात, वर रेडिएटरच्या झाकणानं आत धरलेलं प्रेशर धरलं तर अजून जास्त, आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर सडत नाही ते वेगळंच. मग मी शहाणपणा केलो, तर पाणी न घालता नुसताच ओतूया, डबल पावर! मालक आणि कन्नडमधनं ऐकणारा त्यांचा पोरगा दोघं हसले. नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी उचलतंय म्हणे.

घेताना बाटलीवर "रेडी टू यूज" आहे का कॉन्सन्ट्रेट तेवढं वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर तिथंच मिळतंय, आणि एक लिटरचे दोन होतात म्हणून दिसायला महाग असला तरी हिशोब घालून बघा. मी रेडीवालाच घेतलो, आधी फ्लश (आतलं जुनं काढून धुणं) दुसरीकडं करून, कारण हे फक्त माल विकतात.

एक स्टार कमी दिलोय ते पार्किंगसाठी. दुकानासमोर टू-व्हीलर लावायला पण जागा नाही आणि दुपारी दीड ते चार बंद, मी एकदा उन्हात शटर बघून परत आलोय.