जुन्या पुस्तकांत सापडलेला डोरिस लेसिंगचा कथासंग्रह : जरूर घ्या

नौपाड्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ब्रिटिश लेखिका लेसिंगचं 'धिस वॉज द ओल्ड चीफ्स कंट्री' मिळालं, १९५१ चा हा तिचा पहिला कथासंग्रह. पानं पिवळी पडलीयेत, फाँट बारीक आहे, पण बाइंडिंग घट्ट आहे.

पहिली कथा वाचाच. दक्षिण ऱ्होडेशियातली (आताचं झिंबाब्वे) गोरी मुलगी बंदूक आणि दोन कुत्रे घेऊन फिरते, आणि ते कुत्रे काळ्या माणसाला पक्ष्यासारखं झाडावर चढायला लावतात, म्हणजे मालकी कोणाची हे लेखिकेला वेगळं सांगावंच लागत नाही. पुढे कळतं की त्यांच्या घरातला स्वयंपाकी त्या भागातल्या म्हाताऱ्या टोळीप्रमुखाचा मुलगा आहे!! वारस असून दुसऱ्याच्या चुलीपाशी उभा, वर्ण आणि वर्ग दोन्ही एकाच माणसात. मग टोळीप्रमुखाच्या बकऱ्या शेतात शिरतात, मुलीचे वडील त्या ठेवून घेतात, आणि तेव्हा हाच मुलगा बापाचं म्हणणं इंग्रजीत सांगतो की ही जमीन आमच्या लोकांची आहे. शेवटी त्या टोळीचं अख्खं गाव काळ्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रात हलवतात. मला फार राग आला वाचताना.

इंग्रजी सोपं आहे, कॉलेजच्या मुलांनाही जमेल. दुकानदार काका शोधून देतात, घाई करत नाहीत.