पोको एफ-वनवर लिनिएज-ओएस : गावातल्या वापराच्या कसोटीवर

शाओमीचा पोको एफ-वन २०१८ मध्ये आला. स्नॅपड्रॅगन ८४५, ६ किंवा ८ जीबी रॅम, ४००० एमएएचची बॅटरी. कंपनीने त्याला एमआययूआय (शाओमीची स्वतःची अँड्रॉइड सिस्टिम) १२ आणि अँड्रॉइड १० पर्यंत नेलं आणि तिथेच सोडलं. सुरक्षेचे पॅच थांबले, मात्र आतला प्रोसेसर आजही दमदार आहे. विदर्भात तालुक्याच्या गावी मोबाइल शॉपीत असा फोन सेकंडहँड मिळतो, आणि कित्येक घरांत तो कपाटात पडून असतो. त्यावर लिनिएज-ओएस या, कंपनीच्या सिस्टिमऐवजी टाकायच्या अँड्रॉइड सिस्टिमची २२.२ आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइड १५, बसते. हे परीक्षण तिचंच. पण यातलं बहुतेक सगळं रेडमी, मोटो किंवा वनप्लसच्या जुन्या फोनलाही लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर म्हणून लिनिएज-ओएस उत्तम आहे: हलकं, स्वच्छ, जाहिरातींशिवाय आणि फुकट. मात्र घरात एकच फोन असेल आणि त्याच फोनवर आधारचा चेहरा, बँक आणि यूपीआय चालत असेल, तर त्याला हात लावू नका. दुसरा फोन असेल तर बिनधास्त करा.

२०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड ही अशीच आधीची सिस्टिम बंद पडली, तेव्हा तेच काम स्वयंसेवकांनी लिनिएज या नावाने पुढे चालवलं. प्रत्येक मॉडेलला कुणीतरी सांभाळणारा असतो. तो आहे तोवर अपडेट येतात, त्याने सोडलं की थांबतात. म्हणून फोन विकत घेऊन मग रॉम (म्हणजे फोनमध्ये टाकायची अशी सिस्टिम) शोधणं उलटं आहे. आधी लिनिएजच्या यादीत मॉडेल बघा, मग बाजारात जा.

यादी बघताना डब्यावरच्या नावावर जाऊ नका, सांकेतिक नाव जुळवा. पोको एफ-वनचं आहे बेरिलियम. रेडमी नोट ७ आणि ७ एस म्हणजे लॅव्हेंडर, पण नोट ७ प्रो म्हणजे व्हायोलेट. नोट ८ म्हणजे जिंकगो, तर नोट ८ प्रो म्हणजे बेगोनिया, आणि त्याचा प्रोसेसर मीडियाटेकचा. दुकानात ही सगळी सारखीच दिसतात, पण एकाची फाइल दुसऱ्यात टाकली की फोन विटेसारखा पडतो. लिनिएजची रिकव्हरी (सिस्टिम टाकायचा-पुसायचा छोटा मेनू) बहुतेक वेळा चुकीची फाइल नाकारते, पण फास्टबूटमधून (कॉम्प्युटरवरून थेट फोनमध्ये लिहायच्या मोडमधून) मारलेल्या फाइलला असं कुणी अडवत नाही. विवो आणि ओप्पोचे फोन या कामासाठी जवळपास बाद समजा, त्यांचा बूटलोडर (फोन सुरू करणारा, बाहेरची सिस्टिम अडवणारा भाग) उघडतच नाही. सॅमसंगवर बाहेरचं रॉम टाकलं की नॉक्स या त्याच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो आणि परत लॉक केलं तरी भरून येत नाही.

बूटलोडर उघडणं हाच सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. शाओमीत डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन फोन मी अकाउंटशी जोडावा लागतो, आणि तेही वायफाय बंद करून सिमच्या डेटावर. मग विंडोजवर मी अनलॉक टूल चालवलं की ते थांबायला सांगतं, बहुधा १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडा. या काळात ‘अकाउंट जोडा’ पुन्हा दाबलं की घड्याळ शून्यावर येतं. नेमकं हेच लोक उतावळेपणाने करतात. फोन वापरत राहा, अकाउंट काढू नका, सिम बदलू नका. हायपर-ओएस आलेल्या नव्या शाओमीत नियम याहून कडक झाले आहेत, त्यामुळे जुना फोन इथे उलट फायद्यात आहे. अनलॉक होताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप आधीच कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सअॅपचा फोल्डर आता अँड्रॉइड फोल्डरमधल्या ‘मीडिया’मध्ये असतो, जुन्या जागी शोधत बसू नका.

कॉम्प्युटरला फोन दिसत नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. त्यात निम्म्या वेळा दोष केबलचा असतो. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, तिच्याने फक्त चार्जिंग होतं. केबल ठीक असेल तर यूएसबी ३ चं पोर्ट सोडून २ चं घ्या किंवा मधे साधा यूएसबी २ चा हब लावा. एएमडी रायझेनच्या लॅपटॉपवर फास्टबूट अडखळतं, ते या हबने बहुतेकदा सुटतं. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ लिहिल्यावर नंबर उमटला की पुढे जायचं, नाहीतर ड्रायव्हर पुन्हा टाकायचा.

रॉम टाकण्याआधी फोन कंपनीच्या शेवटच्या, अँड्रॉइड १० वाल्या एमआययूआयवर आणून ठेवा. लिनिएज फक्त वरची सिस्टिम बदलते. मोडेम, ब्लूटूथ वगैरेचं फर्मवेअर कंपनीचंच राहतं. ते जुनं असेल तर इन्स्टॉलेशन अडतं किंवा मग नेटवर्क आणि आवाजाची रडकथा सुरू होते. इथे लाईनचा विचार करा. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाईन गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर अर्धवट लिहिलेला भाग फोन परत उठू देत नाही. मग क्वालकॉमचा ईडीएल मोड (मेलेला फोन उठवायचा शेवटचा मार्ग), अधिकृत अकाउंट, असं सगळं मागे लागतं. त्यामुळे डेस्कटॉपऐवजी भरलेल्या बॅटरीचा लॅपटॉप घ्या आणि फोन निम्म्याहून जास्त चार्ज ठेवा. रॉम साइडलोड करताना (कॉम्प्युटरवरून केबलने रिकव्हरीत पाठवताना) मात्र लाईन गेली तर घाबरायचं कारण नाही. रिकव्हरी शाबूत असते, पुन्हा पहिल्यापासून करता येतं.

मुख्य काम तसं लहान आहे. पॉवर आणि आवाज कमीचं बटण धरून फास्टबूटमध्ये या, लिनिएजची रिकव्हरी फ्लॅश करा, म्हणजे फोनमध्ये लिहा. आता फोन चालू होऊ देऊ नका. केबल काढून लगेच पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरा आणि थेट रिकव्हरीत जा. मधे एमआययूआय एकदा जरी सुरू झालं तरी ते आपली रिकव्हरी परत बसवतं, आणि मग लोक म्हणतात की फ्लॅश झालंच नाही. रिकव्हरीत आधी फॅक्टरी रीसेटखालचं ‘फॉरमॅट डेटा’. जुनी एन्क्रिप्ट केलेली माहिती नवी सिस्टिम वाचू शकत नाही, म्हणून हे टाळता येत नाही. मग ‘अप्लाय अपडेट’मधून एडीबी निवडून कॉम्प्युटरवरून रॉमची झिप साइडलोड करा. आकडा ४७ टक्क्यांवर थांबला आणि पुढे काही चुकल्यासारखा संदेश आला तरी ते नेहमीचंच आहे. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते बघायचं.

गूगलची अॅप्स हवी असतील तर त्याच बैठकीत टाका. लिनिएजमध्ये गूगल नसतं, प्ले स्टोअरही नाही. माइंड द गॅप्स नावाचं पॅकेज वापरा. अँड्रॉइड १५ चं, एआरएम-६४ (प्रोसेसरचा प्रकार) चं, तंतोतंत तेच. ‘सिग्नेचर जुळत नाही, तरीही टाकायचं का’ असं विचारलं की होय म्हणा, इथे ते अपेक्षित आहे. हे सगळं फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच झालं पाहिजे. आधी फोन चालू करून नंतर गूगल टाकलं, तर सेटअप सारखा बंद पडत राहतो आणि पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. पहिल्यांदा सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागू शकतात, तेवढी द्या. प्ले स्टोअरने फोन प्रमाणित नसल्याची तक्रार केली, तर गूगलच्या पानावर जाऊन फोनचा जीएसएफ आयडी (गूगलसाठीचा त्याचा ओळख क्रमांक) नोंदवता येतो.

सुरू झाल्यावर सर्वांत आधी कॉल लावून बघा. जिओच्या ४जी जाळ्यावर कॉल व्होल्टीने, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच होतात, त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नाहीच. त्यामुळे व्होल्टी चाललं नाही तर जिओच्या सिमवर इंटरनेट असूनही कॉल लागत नाही. डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबा, ‘फोन माहिती’ उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून आयएमएसची (व्होल्टी चालवणाऱ्या यंत्रणेची) स्थिती बघा. तिथे ‘नोंदणीकृत’ दिसलं पाहिजे. नसेल तर एपीएन (सिमच्या नेटची सेटिंग) रीसेट करा, विमान मोड चालू-बंद करा, तरी नाही झालं तर फर्मवेअरकडे बघा. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात लोक बीएसएनएलवर अवलंबून असतात. बीएसएनएल ४जी ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे २८ क्रमांकाचा बँडही वापरतं. फोनच्या हार्डवेअरमध्ये तो बँड नसेल, तर कोणतंच रॉम तो आणून देऊ शकत नाही. तो बदल फक्त सॉफ्टवेअरने होतो म्हणणारा दुकानदार फसवतोय.

आता रोजच्या वापरातलं. मोबाइल डेटा वाचवायला लिनिएजसारखी दुसरी सोय नाही. प्रत्येक अॅपच्या माहितीत जाऊन त्याचा मोबाइल डेटा वेगळा, वायफाय वेगळा, किंवा इंटरनेट पूर्णच बंद करता येतं. गॅलरीला, टॉर्चला, कॅल्क्युलेटरला नेट कशाला हवं? स्टेटस बारमध्ये नेटचा वेग दाखवता येतो, त्यामुळे मागे कोण काय ओढतंय ते लगेच कळतं. आणि एक सोय तर गावासाठीच केल्यासारखी आहे: सेटिंग्जच्या बटणांच्या भागात पॉवर बटण दाबून धरलं की टॉर्च लागेल असं ठेवता येतं, तेही पडदा बंद असताना. रात्री लाईन आल्यावर ओलिताला वावरात जाणाऱ्याला एका हाताने, न बघता, उजेड मिळतो. खिशातला फोन काढून पॅटर्न काढत बसावं लागत नाही. चार्जिंग कंट्रोल असलेल्या मॉडेलला चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. एप्रिल-मेच्या ४५ डिग्रीत रात्रभर १०० वर टांगलेली जुनी बॅटरी लवकर फुगते.

मराठीची अडचण गूगल न टाकणाऱ्यांना येते. मेनू मराठीत मिळतात, कीबोर्डमध्ये मराठी मांडणीही असते. पण बोलून टाइप करण्याची सोय गूगलच्या कीबोर्डबरोबर येते. घरातली थोरली माणसं व्हॉट्सअॅपवर बोलूनच लिहितात. त्यांना गूगलविना फोन देणं म्हणजे त्यांचं लिहिणंच बंद करणं.

कॅमेऱ्यात थोडी घट होते. अॅपर्चर नावाचं अॅप नीटनेटकं आहे, पण कमी उजेडात एमआययूआयइतकं जमत नाही. पिकाचा, पावतीचा फोटो मात्र स्वच्छ येतो. ई-पीक पाहणीला त्याहून महत्त्वाचं आहे लोकेशन. नवं रॉम टाकल्यावर जीपीएसला पहिल्यांदा उपग्रह धरायला वेळ लागतो, विशेषतः गूगल नसेल तर. गटात उघड्या आभाळाखाली काही मिनिटं थांबा, मग अॅप उघडा. झाडाखाली किंवा मळ्यातल्या टिनाखाली बसून केलं तर लोकेशन भरकटतं आणि नोंद अडते.

आता सुरुवातीच्या इशाऱ्याचं कारण. बूटलोडर उघडा असला की गूगलची प्ले इंटेग्रिटी तपासणी फोनला फक्त खालची पायरी देते. बँकांची आणि यूपीआयची अॅप्स त्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे आपापलं ठरवतात. आज चालणारं अॅप पुढच्या अपडेटला उघडणं बंद होऊ शकतं. आधारचं फेस आरडी अॅप तर अशा फोनवर नेहमीच कुरकुरतं, आणि त्याच्यावरच पीएम किसानचं चेहऱ्याने होणारं ई-केवायसी, पेन्शनरांचा हयातीचा दाखला हे सगळं उभं आहे. पीएम किसानला ओटीपीचा किंवा सेवा केंद्रात अंगठ्याचा पर्याय आहे, पण शेतकाम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाला चेहऱ्याचाच आधार असतो. सरकारी हमीभावाने कापूस विकायला २०२५ पासून कपास किसान अॅपवर नोंदणी आली. ऐन हंगामात असं एखादं अॅप अडलं तर हातात दुसरा फोन हवा. मॅजिस्क (फोनचे सर्वाधिकार मिळवून देणारं साधन) टाकून ही तपासणी चुकवणारी मॉड्यूल फिरतात. ती काही आठवडे चालतात, मग गूगल त्यांच्या चाव्या रद्द करतं आणि पुन्हा शोधाशोध. बँकेच्या अॅपसाठी अनोळखी मॉड्यूलला फोनचे सर्वाधिकार देणं आम्हाला अजिबात पटत नाही.

अपडेट दर आठवड्याला येतात आणि प्रत्येक वेळी पूर्ण झिप, म्हणजे साधारण एक जीबीच्या आसपास, उतरते. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर त्या दिवशीचं बाकी सगळं संपलं. महिन्यातून एकदा, नवा सुरक्षा पॅच आल्यावर केलं तरी पुरतं. सेटिंग्जमधल्या अपडेटरमध्ये आपोआप अपडेट तपासणं महिन्यातून एकदावर ठेवा.

तालुक्याला ‘सॉफ्टवेअर मारून देणारे’ बरेच आहेत. त्यांच्याकडून करून घेत असाल तर फाइल लिनिएजच्या अधिकृत पानावरून तुमच्यासमोर उतरवायला सांगा आणि एसएचए २५६ (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा आकडा) जुळवायला लावा. विंडोजच्या सर्टयूटिलने ते मिनिटभरात होतं. टेलिग्रामवरून आलेली, कुणी बांधली ते माहीत नसलेली फाइल फोनमध्ये नको.

परत एमआययूआयवर जायचं असेल तर शाओमीचं मी फ्लॅश टूल आहे. ते उघडल्यावर खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे ‘क्लीन ऑल अँड लॉक’ आधीच निवडलेलं असतं. ते बदलून ‘क्लीन ऑल’ करा. चिनी बाजारासाठी बनलेल्या फोनवर भारतातलं रॉम टाकून लॉक झालं, तर फोन सुरूच होत नाही. लिनिएज असताना बूटलोडर लॉक करायलाही जाऊ नका. लॉक केलेला फोन फक्त कंपनीची सही असलेली सिस्टिम सुरू करतो आणि लिनिएजवर ती सही नसते. फोन सुरू होताना दिसणारा बूटलोडर उघडा असल्याचा इशारा तसाच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.