‘रंग नंतर चढतो’ म्हणाला, आणि मी १४,६९० रुपये घालवून बसलो

आधीच सांगतो, मी नवखा नाही. चार वर्षं डिस्कस, म्हणजे थाळीसारखे चपटे, गोल शोभेचे मासे पाळतोय, तेही नाशिकच्या थंडीत, जिथे जानेवारीत एक हीटर बंद पडला तर सकाळपर्यंत टाकी गार होते. ऑफिसातल्या दोघांना टाक्या लावून दिल्यात. ‘डिस्कससोबत सकर, म्हणजे तोंडाने चिकटणारे मासे ठेवू नका’ हे मीच लोकांना सांगत फिरायचो. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण शेवटी सांगतो.

टाकीत सहा डिस्कस होते, २,८०० रुपयांचा एक. तळाला उरलेलं खाद्य राहायचं, मागच्या काचेवर हिरवा थर यायचा. एका ग्रुपवर टाकी साफ ठेवणाऱ्या माशांचं ‘डिस्कस क्लीनअप पॅकेज’ दिसलं. तळाचं खाणारे स्टर्बाय कोरीडोरस (कोरी) आठ, ४५० ला एक. शेवाळ खाणारे सियामीज अल्गी ईटर चार, २५० ला एक. मिशांचे छोटे सकर, ब्रिसलनोज दोन, ७०० ला एक. झाले ६,०००. वर पार्सल ६०० आणि थंडी म्हणून ‘हीट पॅक’चे ३५०. एकूण ६,९५०, सगळे आधी, यूपीआयने. आता म्हणाल, आधी पैसे दिलेसच का? अहो, जिवंत माशांच्या धंद्यात निम्मे लोक आधीच घेतात. शिवाय यादी अचूक होती. डिस्कसला २९-३० डिग्री पाणी लागतं. त्या पाण्यात बहुतेक कोरी धापा टाकतात, स्टर्बाय टिकतो. हे ज्याला माहीत आहे तो माणूस फसवा कसा असेल, असं मला वाटलं. चोराला कुलपाची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि आता विकणाऱ्याने पाठवलेला माशांचा व्हिडिओ. अठरा सेकंदांचा. मी तो निदान दहा वेळा पाहिला असेल. त्यात ‘सियामीज’ म्हणून दाखवलेला मासा काचेला तोंडाने चिकटून बसलेला होता. तोंडाने! खरा सियामीज काचेला असा लोंबकळत नाही, तो परांवर टेकून बसतो. त्याचा काळा पट्टा सरळ शेपटीच्या टोकापर्यंत जातो. व्हिडिओतल्या माशाचा पट्टा नागमोडी होता आणि शेपटीआधीच संपत होता. म्हणजे चायनीज अल्गी ईटर, दुसरं काही नाही. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगाला चिकटतो. मला हे माहीत होतं. माहीत असून मी मोबाईल आडवा केला, झूम केलं आणि मनात म्हणालो, ‘प्रकाश कमी असेल.’ बायको शेजारून म्हणाली, ‘हा चिकटलाय ना रे काचेला?’ मी तिला म्हणालो, ‘तुला त्यातलं काय कळतं?’ ते वाक्य अजून घरात रोज परत ऐकतोय.

पार्सल मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं. पहाटे साडेपाचला नाशिकच्या द्वारका चौकात कुडकुडत उभा होतो. हीट पॅकच्या जागी थर्माकोलच्या खोक्यात गुजराती वर्तमानपत्राचे बोळे. पिशवीतलं पाणी १९ डिग्री. कोरी दोन सेंटिमीटरचे, राखाडी ठिपक्यांचे. स्टर्बायच्या डोक्यावर गडद रंगावर पांढरे ठिपके असतात आणि छातीजवळच्या परांचे काटे नारिंगी असतात. इथे नारिंगीचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे, ‘सर, पिल्लं आहेत, रंग नंतर चढतो.’ ब्रिसलनोजला मिशा का नाहीत? ‘त्यापण नंतर येतात सर.’ हे अर्धं खरं आहे, पिल्लांना मिशा नसतातच. पण त्या दोघांच्या पाठीवरचा पर शिडासारखा उभा होता. तो साधा सकर, वाढून फूटभराचा होणारा. पाठीवरचा पर उघडलेला असताना फोटो मागा. देत नसेल तर पुढे बोलूच नका.

नवे मासे चार आठवडे वेगळे ठेवायला हवे होते. टब होता, पण त्यात गोधड्या भिजत होत्या आणि जादा हीटर एकच, तोही बिघडलेला. थेट टाकीत सोडले. ही चूक माझी.

सहा दिवसांत आठातले सात कोरी गेले. २२-२३ डिग्रीत सुखाने राहणारे जीव ते, २९ मध्ये काय करणार? नवव्या रात्री तीनला पाणी प्यायला उठलो. सहज टॉर्च मारला, तर एक डिस्कस कोपऱ्यात काळा पडून तिरका उभा, आणि त्याच्या कुशीला तो अल्गी ईटर चिकटलेला. काच वाजवली तेव्हा सुटला. खाली गोल पांढरा डाग, शर्टाच्या बटणाएवढा. डिस्कसची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. तो थर एवढा पौष्टिक, मग हे बाकीचे कशाला सोडतील? दोन डिस्कस गेले. ५,६०० रुपये. औषधाला ९४०.

मधल्या काळात मी अजून १,२०० पाठवले. हो, पाठवले. ‘रिप्लेसमेंट फुकट, फक्त ट्रान्सपोर्ट भरा’ म्हणाला. पैसे मिळताच माझा खोकं उघडतानाचा व्हिडिओ ‘कापलेला आहे’ असं सांगून ब्लॉक केलं. चार मिनिटांचा सलग व्हिडिओ होता तो! रिप्लेसमेंटसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘मासे आले का?’ आले. ‘जिवंत?’ हो. ‘मग फसवणूक कुठली? हे दिवाणी आहे.’ मी फोटो दाखवायला लागलो, पट्टा, शेपटी. साहेबांनी मोबाईल हातात घेतला, शेजारच्याला दाखवला आणि विचारलं, ‘हा खायचा का?’ दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो तर तो साहेब सुट्टीवर. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. आणखी एका सरकारी कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे खायचे मासे येतात, शोभेचे नाहीत. एका कारकुनाने तर प्रेमाने समजावलं, ‘भाऊ, पोपट पाळा.’ ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे आहे एक बंद नंबर आणि डीपीवरचा लाल डिस्कस. बिल मागितलं नव्हतं. तुम्ही मागा. बिल देत नाही तो दुकानदार नाही.

आणि विष्ठा खाणारा मासा जगात कोणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय. सायफन लावा, दिवे कमी तास ठेवा, निम्मं शेवाळ तसंच जातं. दोन सकर आणि चार अल्गी ईटर आता त्या गोधड्यांच्या टबात आहेत, काकडीच्या चकत्या खातात. कोणी फुकट नेत नाही. गोदावरीत सोडून दे, असं तिघांनी सुचवलं. कृपा करून कोणी सोडू नका.

लिहायचं कारण असं की परवा सिडकोतल्या मित्राने एक व्हिडिओ पाठवला, ‘हे पॅकेज घेऊ का?’ नवा नंबर, ‘नाशिक डिलिव्हरी, हॅपी कस्टमर’. थर्माकोलचं खोकं, पहाटेचा पिवळा दिवा, आणि सुरीने टेप कापणारा एक हात, मनगटावर लाल दोरा.

तो हात माझा आहे.