रानात मेंढरं बसवली, त्याचा रिव्ह्यू (आणि माझं सोयाबीन कसं फसलं ते)

गेल्या एप्रिलात पहिल्यांदाच पैसे मोजून रानात खतासाठी मेंढरं बसवली. वडील होते तेव्हा दरवर्षी बसायची, मग उसामागं ऊस आणि त्यामागं खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस) सुरू झाला, रान रिकामंच राहीना आणि ते सगळं बंद पडलं. आता आम्ही सेंद्रिय गटात आलोय, युरियाची गोणी उघडता येत नाही आणि शेणखताची ट्रॉली घ्यावी तर निम्मी मातीच असते, हे वाळवा तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणून खोडवा तुटून गेल्यावर वीस गुंठ्यांच्या तुकड्यात माणदेशातून आलेला एक कळप बसवला. तीनशे मेंढरं, थोडी शेरडं, दोन घोडी, कुत्री आणि सगळं बिऱ्हाड. सहा रात्री ठरल्या, रात्रीला सातशे रुपये आणि वर घरच्यांना ज्वारी.

काम कसं चालतं ते सांगतो कारण बऱ्याच नव्या पोरांना माहीत नसतं. दिवसभर मेंढरं बाहेर चरतात, संध्याकाळी रानात आणून वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत दाटीनं बसवतात. तीनशे मेंढरांना एका रात्रीत तीन-साडेतीन गुंठे जागा पुरते, दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकते. लेंडी तर पडतेच पण निम्मी मजा मुताची आहे, कारण पालाश (पोटॅश) बहुतेक मुतातूनच जातं आणि नत्रही (नायट्रोजन) बरंच, आणि गोठ्यातल्या शेणखतात ते आपण गटारीला सोडून देतो. बाकी पुस्तकी हिशोब काढला तर शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि लेंडीखतात तीन टक्क्यांपर्यंत, त्यामुळं ट्रॉलीच्या भावाशी तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

एक गोष्ट आधीच विचारली ती बरं झालं, जंताचं औषध कधी पाजलं म्हणून. आयव्हरमेक्टिनसारखं औषध लेंडीतून बाहेर पडतं आणि शेण पुरणारे किडे त्याने मरतात, म्हणजे खत वर नुसतं वाळत पडणार. कळपाचे मेंढपाळ आबा म्हणाले, "मालक, दिवाळीआधी पाजलंय, आता काय न्हाय." चला.

पहिले तीन दिवस एकदम भारी. सकाळी वाघर हलली की मागनं कुळव फिरवून लेंडी मातीत मिसळायची. हे टाळू नका, कारण नाकाला झोंबतो तो वास म्हणजे आपलाच नत्र हवेत चाललेला असतो.

चौथ्या रात्री वळीव आला. काळी जमीन, पाऊण तास धो धो, आणि पाचव्या दिवशी त्यांनी वाघर हलवलीच नाही, चिखलात कुठं हलवता म्हणून. खरं तर ओल्या रानात मेंढरं बसवायलाच नको होती, बांधावर वरकड जागा होती, पण मीही तिथं नव्हतो आणि त्यांनी फोनही केला नाही. त्या एका पट्ट्यात दोन रात्री खुरं नाचली आणि शेवटचे तीन गुंठे तसेच राहिले. पैसे सहा रात्रीचे दिले. वर शेरडांनी बांधावरच्या शेवग्याची साल सोलून ठेवली ती वेगळीच.

पण या घोटाळ्यामुळं फुकटात एक प्रयोग झाला. एकाच रानात तीन पट्टे, एक न बसलेला, एक एकदा बसलेला, एक दोनदा बसलेला. आणि इथं माझी चूक सांगतो, सगळ्यात जूनमध्ये सोयाबीन टाकलं. दोनदा बसलेल्या पट्ट्यात ते कमरेला आलं, बघणारे थांबून बघायचे, मी मिशीला पीळ देत होतो, आणि मग सप्टेंबरात आडवं पडलं, शेंगा तुरळक. झाड उपटून मुळं धुतली तर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी जेमतेम चार-पाच. न बसलेल्या पट्ट्यातलं उपटलं तर मुळं गाठींनी भरलेली, नखानं फोडली की आत गुलाबी, म्हणजे काम चालू. जमिनीत आयता नत्र मिळाला की शेंगांचं पीक गाठी करायचा आळस करतं, हे माहीत असूनही मी सोयाबीनचा भाव बघून पेरलं.

एकदा बसलेल्या पट्ट्यात सोयाबीन बरं होतं, पण तिथं खरी कमाल रब्बीत दिसली. नोव्हेंबरात हरभरा पेरला, वरून काही दिलं नाही. फुलोऱ्यात खोऱ्यानं फूटभर खड्डा घेऊन बघितला तर माती भाकरीच्या चुऱ्यासारखी सुटत होती, अकरा गांडुळं मोजली, न बसलेल्या बाजूला चार. दोनदा बसलेल्या ठिकाणी खुरपं शिरताना टक्क वाजायचं, ढेकळं अजून फुटली नाहीत. माती तपासणीत सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्क्यांचा ०.५१ झालाय, पण एका वर्षाच्या एवढ्या फरकावर उड्या मारू नका, नमुना दोन पावलं इकडं घेतला तरी एवढं बदलतं.

तर सर्व्हिसला पाचपैकी चार. एक स्टार वळवाच्या रात्रीचा कापला, शेवग्याचा नाही, तो माझ्याच निष्काळजीपणानं गेला. ज्यांना मेंढरं उठवून लगेच परत ऊस लावायचाय त्यांनी पैसे घालू नयेत असं मला वाटतं, तो सगळा जोर उसाच्या पाल्यात जाईल आणि जमीन परत तिथंच. मधी पीक बदललं तरच हे अंगी लागतं.

यंदा दुसऱ्या तुकड्यात बसवायचीत, आबांचा कालच फोन आला, पलूसपर्यंत आलेत. यंदा मेंढरं उठली की आधी चाऱ्याचा मका, तो आयता नत्र ओढून घेईल आणि गायींनाही वैरण होईल, मग हरभरा, आणि ऊस पुढच्या जुलैत आडसाली (दीड वर्षाचा). पाऊस आला तर कळप बांधाच्या वरच्या पडीक जागेत न्यायचा आणि त्या रात्रीचे निम्मे पैसे, हे फोनवरच ठरवून घेतलं. शेवग्याला बाभळीचे काटे बांधून ठेवलेत.