मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराची शंका असेल तर स्नायूची बायॉप्सी कशी आणि कुठे करावी?

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या मांडीवर दोन व्रण आहेत, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. दोन्ही बायॉप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी स्नायूचा तुकडा काढल्याचे. त्यातला पहिला वाया गेला. तुकडा व्यवस्थित काढला होता, टाकेही छान बसले होते. पण ऑपरेशन थिएटरमधल्या रोजच्या सवयीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला. फॉर्मॅलिनमध्ये पेशींचा आकार टिकतो, पण एन्झाइमांचं काम कायमचं थांबतं, आणि आम्हाला बघायचं होतं ते नेमकं हेच काम: पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमांचं. रिपोर्टवर ‘विशेष दोष आढळला नाही’ असं लिहून आलं. तो रिपोर्ट प्रमाण मानून आम्ही आठ महिने दुसऱ्याच आजारांच्या मागे धावलो. तोवर त्याच्या पापण्या आणखी खाली आल्या होत्या आणि एक जिना चढला तरी मांड्या भरून यायच्या.

आज ज्यांच्या घरात हाच निर्णय घ्यायचा आहे, त्यांना दोन व्रण पडू नयेत एवढ्यासाठी हे लिहितेय. लोक विचारतात, ‘सुईने करू की चिरा देऊन?’ प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसरा प्रश्न आहे. पहिला, बायॉप्सी आत्ता हवीच आहे का. दुसरा, तुकडा तपासणार कोण. ही दोन उत्तरं मिळाली की सुई की चिरा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

आधी रक्त-लघवी, की थेट स्नायू?

पूर्वी शंका आली की स्नायूचा तुकडा काढायचा, अशीच रीत होती. जनुकांची तपासणी सोपी झाल्यापासून क्रम उलटला. मायटोकॉन्ड्रियल मेडिसिन सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध केलं, त्याचा रोखही असाच आहे: सहज मिळणाऱ्या नमुन्यातून डीएनए तपासून निदान होत असेल तर आधी ते करा, उत्तर मिळालं नाही तर ऊतीकडे, म्हणजे स्नायूसारख्या अवयवाच्या तुकड्याकडे वळा.

लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष पटतं. मुलांमध्ये दोष पुष्कळदा पेशीकेंद्रातल्या जनुकात असतो, आणि तो मुलाच्या व आईवडिलांच्या रक्तातून एकत्र तपासता येतो. मुलाला भूल द्यायची वेळच येत नाही.

पण मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए वेगळा. तो अगदी छोटा, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा. मात्र एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, आणि चांगल्या व बिघडलेल्या प्रती एकत्र नांदतात. रक्ताच्या पेशी सतत नव्या होतात, त्यामुळे बिघडलेल्या प्रती त्यांच्यातून हळूहळू गळत जातात. स्नायूचे तंतू तसे बदलत नाहीत, त्यामुळे तिथे त्या साचून राहतात. मेलास या मेंदू आणि स्नायूंवर परिणाम करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा जो सर्वांत परिचित बदल आहे (३२४३ क्रमांकाच्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’), त्याचं रक्तातलं प्रमाण वयाबरोबर घटत जातं. म्हणून मोठ्या माणसात तो शोधताना रक्तापेक्षा लघवीतल्या पेशी जास्त भरवशाच्या. लघवीच्या नमुन्याला ना भूल लागते ना टाके, तरी तो सुचवायचं राहून जातं. तुम्ही स्वतः विचारा.

स्नायूला पर्याय नाही अशाही जागा आहेत. पापण्या पडणं आणि डोळ्यांच्या हालचाली मंदावणं, म्हणजे माझ्या भावाचं चित्र, यामागे बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा मोठा तुकडा गळालेला असतो, आणि मोठ्या माणसाच्या रक्तात तो सापडत नाही म्हटलं तरी चालेल. सायटोक्रोम बी जनुकातले काही बदल फक्त स्नायूतच असतात. अशा माणसाला थोड्या श्रमानेही थकवा येतो आणि रक्त मात्र निर्दोष दिसतं. टीके-२ जनुकाच्या दोषात स्नायूतल्या डीएनएच्या प्रतीच कमी होतात, त्या मोजायला स्नायूच लागतो. शिवाय जनुकांच्या रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर तो बदल खरोखर त्रास देतोय का हे ऊतीतच पडताळावं लागतं.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती जिवाशी निगडित आहे. झटके येत असतील आणि मायटोकॉन्ड्रियाची शंका असेल, तर पोल-जी जनुकाचं उत्तर येण्याआधी व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू करण्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी स्पष्ट बोला. त्या जनुकात दोष असेल तर या औषधाने यकृत निकामी होऊ शकतं.

ताजा तुकडा की गोठवलेला?

खरी निवड इथे आहे, आणि घरच्यांना ती सहसा कुणी समजावून सांगत नाही.

ताज्या तुकड्यात मायटोकॉन्ड्रिया जिवंत असतात, त्यांची आवरणं अखंड असतात. त्यांना खाद्य देऊन ते किती ऑक्सिजन वापरतात, किती एटीपी (पेशीचं इंधन) बनवतात हे मोजता येतं, म्हणजे ऊर्जा बनवणारी अख्खी साखळी चालू असताना बघता येते. दोष एखाद्या एकट्या एन्झाइमात नसून कच्चा माल आत नेणाऱ्या वाहकात किंवा शेवटी एटीपी तयार होण्याच्या टप्प्यावर असेल, तर तो इथे पकडला जातो.

गोठवल्यावर ही आवरणं फुटतात. मग साखळीचे कॉम्प्लेक्स एक ते चार (क्रमाने काम करणारे एन्झाइमांचे गट) सुटेसुटे तपासता येतात, पण एकत्र चालणारी यंत्रणा दिसत नाही. मोटारीचं इंजिन चालू ठेवून ऐकणं आणि इंजिन खोलून एकेक भाग तपासणं, इतका हा फरक आहे.

एवढं वाचल्यावर ताजाच बरा असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ताज्या नमुन्यावर थोड्याच तासांत काम सुरू व्हावं लागतं, तेव्हा तुकडा प्रयोगशाळेकडे पाठवून भागत नाही, रुग्णालाच तिकडे जावं लागतं. अशी तपासणी रोजच्या कामात बसवलेली केंद्रं जगात मोजकीच आहेत. नेदरलँड्समधलं नायमेखनचं केंद्र त्यासाठी ओळखलं जातं. वर्षातून दोनचारदा हे काम करणाऱ्या ठिकाणी ताज्या नमुन्याचे आकडे फार हेलकावे खातात. असा आकडा हाती घेऊन घरी येण्यापेक्षा नीट गोठवलेला तुकडा कितीतरी बरा.

‘नीट गोठवलेला’ म्हणजे काय, ते मी दुसऱ्या वेळी काचेपलीकडून पाहिलं. तंत्रज्ञ बाई प्रयोगशाळेतून थिएटरच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. शेजारी लिक्विड नायट्रोजनचं भांडं वाफाळत होतं, आणि त्यात आयसोपेंटेन या द्रवाचा एक छोटा धातूचा पेला सोडलेला होता. पेल्याचा तळ पांढरा होऊन थिजायला लागेपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या. मग करंगळीच्या टोकाएवढा तो तुकडा सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या जाळीतून उचलून, तंतूंची दिशा बघून, एका झटक्यात आत बुडवला. दुसरा भाग एन्झाइमांसाठी थेट नायट्रोजनमध्ये गेला.

हा सोपस्कार उगाच नाही. सूक्ष्मदर्शकासाठीचा तुकडा थेट नायट्रोजनमध्ये टाकला तर त्याच्याभोवती वायूचा थर धरतो, तुकडा सावकाश गोठतो आणि आत बर्फाचे स्फटिक होतात. मग काचेवर तंतूंना भोकं पडलेली दिसतात आणि आजाराची खूण कुठली, बर्फाची कुठली, ते सांगता येत नाही. तुकडा सलाइनमध्ये तरंगत ठेवला तरी हेच होतं. घरगुती फ्रीझरसारखं उणे २० अंश तापमान एन्झाइमांना पुरत नाही, उणे ८० लागतं. दुसऱ्या शहरात पाठवायचा असेल तर भरपूर ड्राय आइसमध्ये, आणि शनिवार-रविवार वाटेत अडकणार नाही अशा दिवशी. एकदा वितळून पुन्हा गोठलेला नमुना दिसायला तसाच दिसतो, पण त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून माझं मत असं: ताज्या नमुन्यावर नित्य काम करणारं केंद्र आवाक्यात असेल आणि रुग्णाला प्रवास झेपत असेल, तर तिथे जा आणि त्यातलाच काही भाग गोठवून ठेवायला सांगा. नसेल, तर ताज्याचा हट्ट सोडा आणि गोठवण्याचं काम रोज करणारी जागा शोधा.

सुई की चिरा?

सुईची पद्धत स्वीडिश डॉक्टर बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये पुन्हा वापरात आणली. जागेवर भूल देऊन त्वचेला छोटासा छेद देतात आणि जाडसर पोकळ सुईने तुकडा घेतात. बहुधा टाका लागत नाही, व्रण नाममात्र राहतो, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. चिरा तीन-चार सेंटीमीटरचा असतो, टाके येतात, काही दिवस मांडी ठणकते, क्वचित त्या जागी बधिरपणा राहतो.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर सुई सरस, यात वाद नाही. अडचण प्रमाणाची आहे. सुईत एका वेळी साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी हाती लागतं. चिऱ्यातून अर्धा ते एक ग्रॅम सहज मिळतो आणि तंतूंची दिशाही शाबूत राहते. इथे रंगांच्या तपासण्या, एन्झाइम, डीएनए, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अशा चार जणांना वाटा द्यायचा असतो. तुकडा छोटा असेल तर पहिल्या दोघांतच संपतो. त्यामुळे ‘कमी पडलं तर कुठली तपासणी आधी करणार?’ हे लेखी ठरवून घ्या.

सुईच्या नमुन्यांवर नेहमी काम करणारी प्रयोगशाळा असेल तर मोठ्या माणसाने बिनघोर सुई निवडावी. तिला सवय नसेल तर चिराच बरा. लहान मुलाला पुष्कळ ठिकाणी पूर्ण भूल देतातच; मग सुईचा मोठा फायदा उरत नाही, आणि एकाच भुलेत पुरेसा तुकडा मिळवणं शहाणपणाचं. त्याच भुलेत त्वचेचाही छोटा नमुना घ्यायला सांगा. त्यातून वाढवलेल्या पेशींवर पुढे पुन्हापुन्हा तपासण्या करता येतात.

जागेबद्दल थोडक्यात: बहुतेक प्रयोगशाळांचे तुलनेचे आकडे मांडीच्या बाहेरच्या स्नायूचे असतात, म्हणून तीच जागा. नुकतंच इंजेक्शन किंवा ईएमजीची (स्नायूतले विद्युत संकेत तपासण्याची) सुई टोचलेला स्नायू नको, आणि पार वाळून गेलेलाही नको. जागेवरच्या भुलेचं औषध त्वचेत आणि तिच्याखाली द्यायचं, ज्या स्नायूचा तुकडा घ्यायचा त्यात नाही.

भूलतज्ज्ञांना शंका असलेल्या आजाराचं नाव आधीच सांगा. फार वेळ उपाशी ठेवू नये, शिरेतून ग्लुकोज चालू असावं, लॅक्टेट असलेलं सलाइन टाळावं, प्रोपोफॉल दीर्घकाळ चालवू नये, याची चर्चा आदल्या दिवशी व्हायला हवी. टेबलावर घेतल्यावर तिला वेळ नसतो.

रिपोर्ट कोण वाचणार?

सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी शोधतात. एक, खास रंगाने रंगवल्यावर लाल आणि कडा फाटल्यासारखे दिसणारे तंतू. दुसरी, कॉक्स (कॉम्प्लेक्स चार) आणि एसडीएच (कॉम्प्लेक्स दोन) या दोन रंगांच्या एकत्रित तपासणीत निळे उठून दिसणारे तंतू, म्हणजे ज्यांचा कॉम्प्लेक्स चार बंद पडलाय. भावाच्या काचेवर तपकिरी तंतूंच्या गर्दीत ते निळे ठिपके मलासुद्धा ओळखता आले.

पण असे काही तंतू वयोमानानेही दिसतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या निकषांत हे निळे तंतू पन्नाशीच्या आत २ टक्क्यांहून जास्त आणि पन्नाशीनंतर ५ टक्क्यांहून जास्त असतील तरच त्यांना मोठं वजन देतात. एन्झाइमांतही एखाद्या कॉम्प्लेक्सचं काम २० टक्क्यांखाली गेलं तर तो भक्कम पुरावा. २० ते ३० मधला दुय्यम. त्याच्या वरच्या किरकोळ घटीवर कुणी आयुष्यभराचं निदान लिहून देत असेल तर दुसरं मत घ्याच. स्नायूंचे इतर आजार, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणं, काही औषधं यांनीही आकडे खाली येतात.

उलट बाजूही तितकीच खरी. लहान मुलांत लाल तंतू पुष्कळदा दिसतच नाहीत, आणि डोळ्याच्या नसेपुरता राहणारा लेबरचा आजार स्नायूत खूण ठेवत नाही. बायॉप्सी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच, असं कुणी म्हटलं तर ते मानू नका.

फोन कुणाला आधी?

प्रयोगशाळेला. तुकडा घ्यायला तुमचा माणूस थिएटरपाशी येणार का, सिट्रेट सिंथेजशी (नमुन्यात मायटोकॉन्ड्रिया किती आहेत हे दाखवणाऱ्या एन्झाइमाशी) ताडून आकडे देता का, वयानुसार तुलनेचे आकडे तुमचे स्वतःचे आहेत का, कोएन्झाइम क्यू-१० (साखळीतला एक वाहक पदार्थ) मोजता का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण त्याची मूळची कमतरता औषधाने भरून काढता येणाऱ्या मोजक्या दोषांपैकी आहे. उत्तरं देताना समोरची व्यक्ती अडखळली नाही, की त्यांच्याशी जुळवून घेणाऱ्या सर्जनची तारीख घ्या.

आणि उरलेला तुकडा उणे ८० अंशांत जपून ठेवायची लेखी संमती द्या. ऊतीतला आरएनए (जनुकाची कामासाठी काढलेली नक्कल) वाचून, डीएनएत न सापडलेले दोष शोधता येतात हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसलं. अशा नव्या तपासणीची वेळ आली तर पुन्हा चिरा द्यावा लागणार नाही. भावाचं निदान दुसऱ्या बायॉप्सीत झालं, तरी त्याच्या तुकड्याची एक छोटी कुपी अजून तिथे त्याच्या नंबरसह ठेवलेली आहे.