पाणी पिणारं अंगण: रेझिन-बाउंड खडी, दोन वर्षं वापरून

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरासमोरची जागा दाराकडे उतरती आहे. आधीच्या मालकानं तिथे सरसकट काँक्रीट ओतून ठेवलेलं. जोराचा पाऊस झाला की उंबऱ्याशी घोटाभर पाणी. दोन हिवाळे आम्ही वाळूची पोती लावून काढले. शेवटी ते सगळं फोडलं आणि रेझिन-बाउंड खडी, म्हणजे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवानं बांधलेली खडी, घालून घेतली. 40 चौरस मीटरचं काम, खणाई-भराईसकट साडेपाच हजार पौंडांच्या आसपास गेलं. आता दोन वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

आधी नावाचा घोळ. रेझिन-बाउंड आणि रेझिन-बाँडेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाँडेडमध्ये जमिनीवर रेझिन पसरतात आणि वरून खडी भुरभुरतात. ते दिसतं छान, पण पाणी मुरत नाही आणि खडी सुटत राहते. बाउंडमध्ये खडीचा दाणा न् दाणा रेझिनमध्ये कालवून मग थापतात. दाण्यांमध्ये फटी राहतात आणि पाणी त्यातून खाली जातं. आम्हाला दर देणाऱ्या एकानं दोन्ही शब्द एकाच कागदावर आलटून-पालटून वापरले होते. त्याला तिथेच नाही म्हटलं.

दुसरा म्हणाला, काँक्रीट फोडायची गरज नाही, त्यावरच थर देतो, निम्म्यात काम होईल. मोह झाला होता. पण खालच्या काँक्रीटला तडे होते, आणि खालचा तडा आज ना उद्या वर उमटतोच. शिवाय वरचा थर कितीही पाणी सोडो, खाली काँक्रीट असेल तर ते पाणी जाणार कुठे? पुन्हा आमच्याच उंबऱ्याशी. इंग्लंडमध्ये 2007 च्या पुरानंतर नियमही बदलला. 1 ऑक्टोबर 2008 पासून घरासमोर 5 चौरस मीटरहून जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर नियोजन खात्याची परवानगी लागते. पाणी मुरणारा थर असेल तर नाही. पण मग पायापासून वरपर्यंत सगळंच मुरणारं हवं. आम्ही तिसऱ्याला काम दिलं. त्यानं खाली बारीक भुकटी नसलेली मोठी खडी भरली, त्यावर सच्छिद्र डांबराचा थर, आणि सगळ्यात वर 18 मिलिमीटरचा रेझिन-खडीचा थर.

थर घालायचा दिवस मी सुट्टी काढून बघितला. एका घाण्याला 25 किलोच्या चार पिशव्या वाळवलेली खडी, त्यात दोन डब्यांतलं रेझिन एकत्र करून साधारण सात किलो. मिक्सर किती वेळ फिरवायचा ते घड्याळ लावून, प्रत्येक घाण्याला तेवढाच, नाहीतर रंगात फरक पडतो. ओतलेला माल चार माणसं गुडघ्यावर बसून पोलादी थापीनं दाबत-सारवत मागे सरकत होती. थापी सारखी पुसायची, कारण रेझिन चिकटलं की दाणे उपटून येतात. एक घाणा जेमतेम सव्वातीन चौरस मीटरला पुरतो. म्हणजे आमच्याकडे बारा-तेरा घाणे झाले.

शेवटच्या घाण्याला संध्याकाळी भुरभुर सुरू झाली. त्यांनी थांबायला हवं होतं, थांबले नाहीत. पॉलियुरेथेन रेझिनला ओल लागली की त्यातून वायू सुटतो आणि फेस येतो. सकाळी गटाराच्या झाकणाजवळ ताटाएवढा पांढरट, फसफसलेला डाग. तक्रार केल्यावर ते आले, तेवढा भाग कापून नव्यानं भरून दिला, पैसे घेतले नाहीत. पण ठिगळ दिसतं. उन्हात तिथला रंग थोडा उजळ वाटतो, आणि मला रोज दिसतो. पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकला, ठेकेदार कितीही घाई करो.

बाकी कामावर मात्र मी मनापासून खूश आहे. गेल्या वर्षी आई वाईहून आली होती. सकाळी पाऊस कोसळून गेला आणि ती दार उघडून अनवाणी बाहेर उभी राहिली. "अरे, पाणी गेलं कुठं?" तिनं आतून बादली आणून ओतली. क्षणभर चकाकी, बारीक सूं असा आवाज, आणि संपलं. तळव्यांना टोचत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. रंगही पिवळा पडलेला नाही, कारण उन्हाला टिकणारं रेझिन घ्यायचं हे आम्ही लेखी घेतलं होतं. साधं रेझिन स्वस्त पडतं, पण वर्षभरात काळवंडतं. कुंपणाच्या सावलीत थोडं शेवाळ धरतं, ते वर्षातून एकदा पाण्याच्या फवाऱ्यानं जातं.

दाराच्या आतल्या छोट्या पोर्चमध्येही हीच खडी घातली, ते नको होतं करायला. बाहेर ज्या फटी पाणी पितात, त्याच आत बुटांची माती धरून बसतात. फडक्यानं पुसताच येत नाही. शेवटी वरून पारदर्शक रेझिन भरून फटी बुजवल्या. आता पुसता येतं, पण वेगळे पैसे गेले. घरात करायचं असेल तर बुजवलेलाच थर सुरुवातीपासून मागा.

दिवाळीत आईनं दारात रांगोळी काढली, तर भुकटी सगळी फटींत उतरली. ती धुऊन काढायला अख्खी दुपार लागली. आता दाराशी स्लेटची एक मोठी फरशी ठेवली आहे, रांगोळी तिच्यावर.

भाऊ विचारत होता, वाईच्या घरापुढे असं करू या का. मी नको म्हटलं. तिथलं मातीचं अंगण आत्ताही पाणी पितं. शहाबादीच्या खाली सिमेंट घातलेला पुढचा पट्टा तेवढा काढ, म्हटलं, आणि फरशा वाळूत बसवून घे.